नमुना विहिरीचा, पाणी मात्र माठातले

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर अशा वर्षातून दोन वेळा गावोगावच्या पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते, ग्रामपंचायतींना हिरवी, पिवळी किंवा लाल कार्डे दिली जातात आणि त्यांची जिल्हावार आकडेवारी वर्तमानपत्रांत छापून येते. ती आकडेवारी मी अनेक वर्षे लक्षपूर्वक वाचत आले आहे. मात्र गेल्या वर्षी आमच्या गावात जे घडले आणि त्यानंतर आम्ही काही जणींनी जे स्वतः तपासून पाहिले, त्यावरून माझी अशी खात्री झाली आहे की, लहान तलावांवर अवलंबून असलेल्या गावांमध्ये पाण्याची तपासणी चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी होते. तपासणी होतच नाही, अशी माझी तक्रार नाही. ती होते, तिचा अहवाल येतो, तो फाईलला लागतो. पण जे पाणी लोकांच्या पोटात जाते ते ज्या दिवशी आणि ज्या भांड्यातून जाते, तिथपर्यंत ती तपासणी पोहोचतच नाही. हे पत्र थोडे लांबले आहे. पण विषय घराघरातल्या पाण्याचा असल्याने ते आपण वाचकांसमोर ठेवावे, अशी विनंती आहे.

मी माध्यमिक शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि आता सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यातल्या माझ्या गावी राहते. आमच्या गावाला पाणी मिळते ते पाझर तलावाखालच्या विहिरीतून. हा तलाव १९७२ च्या दुष्काळात झाला. त्या कामावर खडी फोडलेली आणि दुपारी सुकडी खाल्लेली माणसे गावात अजून आहेत, आणि तलावाचा विषय निघाला की ती आपलेपणाने बोलतात. बांधाच्या पायथ्याशी हाकेच्या अंतरावर पाणीपुरवठ्याची विहीर आहे; तिच्यातून पाणी उपसून वरच्या आळीतल्या टाकीत चढवले जाते आणि तेथून ते नळाने घरोघरी येते. महाराष्ट्रात अशी गावे किती असतील, याचा अंदाज आपल्या वाचकांना नक्कीच असेल. कुठे पाझर तलाव असतो, कुठे साठवण तलाव, कुठे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आणि भंडारा-गोंदियाकडे जुने मालगुजारी तलाव. पाण्याची जात सगळीकडे साधारण एकच, उघड्यावर साठलेले, उथळ आणि गावाच्या शेजारचे.

तलावातले पाणी जमिनीतून झिरपून विहिरीत येते म्हणजे ते आपोआप गाळून शुद्ध होऊन येते, असा समज आमच्याकडे सर्रास आहे आणि मी स्वतःही तो पुष्कळ काळ बाळगला होता. वाळूच्या जाड थरातून पाणी सावकाश मुरत असेल तर त्यात पुष्कळ तथ्य असते. पण आपल्या राज्याचा चार पंचमांशाच्या आसपास भाग काळ्या कातळाचा आहे. या कातळात पाणी वाहते ते भेगांमधून आणि वरच्या मुरमाच्या पातळ थरातून, आणि भेगेतून आलेले पाणी गाळले जात नाही, ते नुसते जागा बदलते. आमच्या विहिरीत हे डोळ्यांनी दिसते. पहिल्या मोठ्या पावसाने ओढे तलावात उतरले की दोन दिवसांत विहिरीचे पाणी चहासारखे होते. तलावाच्या पाणलोटात मेंढरांचे कळप बसतात, जनावरे धुतली जातात, कडेच्या शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप तिथेच भरले आणि तिथेच विसळले जातात, आणि मे महिन्यात पाणी तळाला गेले की उरलेल्या डबक्याभोवती सगळ्या गावाची गुरे उभी असतात. त्या साऱ्याचे सार मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर विहिरीत येते.

गेल्या जूनमध्ये तसेच झाले. पाऊस पडून गेल्यावर चौथ्या दिवशी खालच्या वस्तीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या. दोन दिवसांत अकरा जण आजारी पडले. त्यांत माझ्या एका माजी विद्यार्थिनीचा आठ वर्षांचा मुलगा होता. त्याला दोन दिवस सलाईन लावावे लागले. सर्व जण बरे झाले, हे आमचे भाग्य. त्या वेळी पंचायतीच्या कार्यालयात पाण्याचा अहवाल लावलेला होता आणि त्यावर ‘पिण्यास योग्य’ असे स्पष्ट लिहिलेले होते. अहवाल खोटा नव्हता. तो फेब्रुवारी महिन्यात घेतलेल्या नमुन्याचा होता, विहिरीतल्या नितळ, स्थिर पाण्याचा. जून महिन्यातल्या पाण्याविषयी तो काही सांगत नव्हता आणि सांगूही शकत नव्हता.

त्यानंतर गावातल्या आशाताई (आशा आरोग्य स्वयंसेविका), पाणी तपासणीचे प्रशिक्षण घेतलेल्या दोघी जणी आणि मी, अशा चौघींनी मिळून पाणी तपासण्याच्या अठरा कुप्या लावल्या. ही एचटूएस, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड वायूवरून दूषितपणा ओळखणाऱ्या, कुपीची पद्धत भारतीय संशोधकांनीच १९८२ मध्ये मांडली आणि तिच्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण घट्ट लावायचे आणि ती उबेत चोवीस ते अठ्ठेचाळीस तास ठेवायची. आतड्यातून आलेले काही जिवाणू पाण्यात असतील तर त्यांच्यापासून निघणाऱ्या वायूची कुपीतल्या लोहाशी प्रक्रिया होऊन पाणी काळे पडते. आम्ही दोन कुप्या विहिरीवर, दोन टाकीच्या तोंडाशी, आठ निरनिराळ्या नळांवर आणि सहा घरांतल्या माठ-पिंपांतल्या पाण्याने भरल्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून जागा आणि वेळ लिहिली, आणि सगळ्या कुप्या जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून आशाताईंच्या स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कागद उलगडला तेव्हा विहिरीच्या दोन्ही कुप्या शाईसारख्या काळ्या झाल्या होत्या. टाकीच्या दोन्ही स्वच्छ होत्या, कारण टाकीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करणारी ब्लीचिंग पावडर, टाकलेले होते. वरच्या आळीतल्या चारही नळांच्या कुप्या स्वच्छ होत्या. खालच्या वस्तीतल्या चार नळांपैकी तिघांच्या काळ्या होत्या. घरांतल्या सहापैकी तीन काळ्या निघाल्या, आणि त्यांतली एक तर वरच्या आळीतल्या अशा घरातली होती, जिथल्या नळाची कुपी स्वच्छ होती. त्या घरी माठात हात घालून पेला बुडवण्याची सवय होती. याउलट खालच्या वस्तीत एका घरी नळाची कुपी काळी आणि माठाची स्वच्छ निघाली. त्या घरात सूनबाई बाळंतीण होत्या, त्यामुळे सासूबाई पाणी उकळून मगच माठात भरत होत्या.

संपादक महोदय, या अठरा कुप्यांनी आम्हांला जे दाखवले ते वर्षाकाठच्या एका नमुन्याने कधीच दाखवले नसते. एकच गाव, एकच सकाळ, आणि पाण्याची उत्तरे चार. शिवाय प्रत्येक उत्तराचा उपाय निराळा. विहीर दूषित असेल तर पाणलोटाकडे आणि विहिरीच्या कठड्याकडे पाहावे लागते. टाकी स्वच्छ आणि खालचा नळ दूषित असेल तर दोष वाटेत असतो. आणि नळ स्वच्छ असून माठ दूषित असेल तर बोलणे घरातल्या माणसांशी करावे लागते, पंचायतीशी नव्हे. फक्त विहिरीचा नमुना घेऊन ‘योग्य’ किंवा ‘अयोग्य’ असा एक शब्द लिहिला, तर यांतले काहीच हाती लागत नाही.

वाटेतला दोष शोधायला आम्हांला फार लांब जावे लागले नाही. खालच्या वस्तीकडे जाणारी पाईपलाईन एका मोरीखालून, उघड्या गटारातून गेली आहे. तिथे एक सांधा सैल झाला होता आणि तो कोणीतरी सायकलच्या जुन्या ट्यूबने करकचून बांधून ठेवला होता. आमच्याकडे पाणी तिसऱ्या दिवशी पाऊण तास सुटते. ते चालू असताना सांध्यातून थेंब थेंब बाहेर गळते, तेव्हा काही बिघडत नाही. पाणी बंद झाले की पाईप रिकामा होऊ लागतो आणि तोच सांधा गटारातले पाणी आत ओढून घेतो. त्यातच पुढच्या काही घरांनी नळाला मोटार लावलेली असली तर ओढ आणखी वाढते. पुढच्या खेपेला पाणी सुटले की पहिल्या पाच-दहा मिनिटांत गटारातले हे पाणी सगळ्यांच्या हंड्यांत जाते. आमच्या वस्तीतल्या बायका ‘पहिलं पाणी सांडायचं’ म्हणतात आणि बहुतेक जणी पहिली घागर भांड्याधुण्याला काढून ठेवतात. त्यांना जे अनुभवाने कळले होते, ते अहवालात मात्र कुठे नव्हते.

नमुना कसा घेतला जातो, हेही सांगायला हवे. जिवाणू तपासणीचा नमुना निर्जंतुक केलेल्या बाटलीत घ्यावा लागतो. पाण्यात क्लोरीन असेल तर ते वाटेत जिवाणू मारत राहू नये म्हणून त्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. नळाचे तोंड पुसून, जाळ दाखवून, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू देऊन मग बाटली भरायची असते, ती काठोकाठ भरायची नसते, आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत, अगदीच नाइलाज झाला तर चोवीस तासांच्या आत ती प्रयोगशाळेत पोहोचवायची असते. आमच्या गावचा नमुना शीतपेयाच्या धुतलेल्या बाटलीत भरला गेला होता आणि मोटारसायकलच्या डिकीत दोन दिवस राहून मग तालुक्याला गेला होता. ज्या कर्मचाऱ्याने तो नेला त्याला मी दोष देत नाही. तो मोटार चालू करतो, व्हॉल्व्ह फिरवतो, टीसीएल टाकतो, पाणीपट्टीची बिले वाटतो आणि गळतीही काढतो, आणि नमुना कसा घ्यावा हे त्याला कोणी बसवून शिकवलेलेच नव्हते. मी त्याला हे सगळे समजावून सांगितले तेव्हा तो मनापासून वाईट वाटून म्हणाला, “बाई, मला वाटलं पाणी म्हणजे पाणी, बाटली कसली का असेना.” अशा नमुन्यातले जिवाणू उन्हात वाढलेले असू शकतात किंवा मेलेलेही असू शकतात. म्हणजे निकाल दोन्ही बाजूंनी फसवा.

टीसीएलबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण लहान योजनांचा सगळा भार त्या एका पावडरीवर आहे. ताज्या, चांगल्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असते, ते हवेने, ओलीने आणि उष्णतेने कमी होत जाते, आणि २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर आपल्याकडे निर्जंतुकीकरणाला अयोग्य धरली जाते. आमच्या पंचायतीत पोत्याचे तोंड उघडे होते आणि पोते पत्र्याच्या खोलीत, भिंतीला टेकून ओलीवर ठेवलेले होते. हजार लिटरला पाच ग्रॅम हे सर्वसाधारण प्रमाण धरले तर ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो पावडर लागते. पण हा हिशेब चांगल्या पावडरीचा आणि नितळ पाण्याचा आहे. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळाशी आणि सेंद्रिय घाणीशी झुंजण्यातच खर्ची पडते आणि जिवाणूंसाठी काही उरत नाही. म्हणजे ज्या आठवड्यात क्लोरीनची सर्वांत जास्त गरज असते, नेमक्या त्याच आठवड्यात नेहमीचे प्रमाण अपुरे ठरते. पाणी आधी तुरटीने निवळून घेणे, त्यानंतर पावडरीचे नितळ द्रावण करून टाकणे आणि किमान अर्धा तास थांबून मगच पाणी सोडणे, यांतली एकही पायरी गाळून चालत नाही.

टाकीत किती टाकले यापेक्षा शेवटच्या नळाला किती उरले, हे महत्त्वाचे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस १०५०० : २०१२ प्रमाणे, नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असायला हवे आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये. हे क्लोरीन तपासायला दोन मिनिटे पुरतात. ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टने पाणी पिवळे होते की नाही, हे शाळेतले मूलही सांगू शकते. मात्र ऑर्थोटोलिडिन हे रसायन शरीराला अपायकारक असल्यामुळे त्याऐवजी गुलाबी रंग देणारी डीपीडीची गोळी वापरणे अधिक बरे. आमच्याकडे ही तपासणी होत असे ती टाकीजवळच्या नळावर. तिथे रंग नेहमीच छान येई. खालच्या वस्तीच्या शेवटच्या नळावर मी स्वतः चाचणी घेतली तेव्हा पाणी होते तसेच राहिले.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात, खडकवासला धरणालगतच्या किरकटवाडी, नांदेड या गावांच्या भागात गुलेन-बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जिवाणू आढळला आणि संशय पाण्याकडे वळला, तेव्हा सगळ्या राज्याचे लक्ष विहिरींकडे आणि क्लोरीनकडे गेले. पथके आली, नमुने घेतले गेले, टँकरसुद्धा तपासले गेले. ते योग्यच झाले. पण शहराच्या वेशीवर जे आठ दिवसांत होऊ शकले, ते आमच्यासारख्या गावांत पहिल्या पावसाच्या आठवड्यात का होऊ नये, हा प्रश्न मला तेव्हापासून सतावतो आहे.

जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली आणि तिच्यात प्रत्येक ग्रामीण घराला नळाने माणशी दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरले. त्या व्याख्येत पाणी पुरेसे आणि नियमित असावे असे आहे तसेच ते विहित गुणवत्तेचे असावे, असेही आहे. या योजनेने आमच्या घरी नळ आला, डोक्यावरचा हंडा उतरला, आणि त्याबद्दल माझ्या पिढीच्या कोणत्याही बाईच्या मनात कृतज्ञताच असेल. याच योजनेत प्रत्येक गावातल्या पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, क्षेत्रीय तपासणी संच वापरण्याचे प्रशिक्षण द्यावे, असेही ठरलेले आहे. आमच्या गावातही पाच जणींना एक दिवसाचे प्रशिक्षण मिळाले. संच मात्र पंचायतीच्या कपाटात राहिला, किल्ली एकाकडे, आणि आम्ही तो पहिल्यांदा बाहेर काढला तेव्हा त्यातल्या दोन द्रावणांची मुदत संपून गेलेली होती. प्रशिक्षण घेतलेल्या एका वहिनींनी संच हातात घेऊन सांगितले, “त्या दिवशी सगळं समजलं होतं, पण परत कोणी करूच दिलं नाही.”

या संचाच्या मर्यादाही ध्यानात ठेवल्या पाहिजेत. आम्ल-विम्लता, गढूळपणा, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड, लोह, क्लोरीन यांची कल्पना त्यातून येते. नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि खतांचा मारा होणाऱ्या बागायती पाणलोटात ती ओलांडली जात असेल तर तान्ह्या बाळांच्या दृष्टीने ते विशेष धोक्याचे असते. चंद्रपूर-यवतमाळकडच्या गावांनी फ्लोराईडवर अधिक लक्ष ठेवावे लागेल, आम्ही नायट्रेटवर. पण कीटकनाशके या संचात दिसत नाहीत. आमच्या तलावाच्या काठावर डाळिंबाच्या बागा आहेत आणि बहराच्या दिवसांत दर आठवड्याला फवारणी असते. पाणी निर्मळ दिसते, कुपी स्वच्छ राहते, आणि तरीही त्यात काय आहे हे सांगायला मोठ्या प्रयोगशाळेतले यंत्रच लागते. कोणत्या तलावाच्या भोवती कोणती पिके आहेत आणि तिथे कोणती औषधे फवारली जातात, एवढी नोंद नमुन्यासोबत गेली तरी प्रयोगशाळेला काय शोधायचे ते कळेल. आज ही नोंद जात नाही.

तसेच शेवाळाचे. उन्हाळ्यात पाणी आटत जाते, उरलेल्या पाण्यात शेणा-खतांतून आलेले नत्र आणि स्फुरद दाटत जाते आणि पृष्ठभागावर हिरव्या रंगाची साय धरते. त्यात नीलहरित शैवाल असेल तर त्याच्या काही प्रकारांपासून यकृताला अपाय करणारी विषद्रव्ये तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेने यांतल्या मायक्रोसिस्टिन-एलआर या विषासाठी पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली आहे. हे विष उकळण्याने नाहीसे होत नाही, उलट शैवाल फुटून ते पाण्यात सुटू शकते. म्हणून ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला जुलाबाच्या साथीत अगदी योग्य असला, तरी साय धरलेल्या तलावाला तो पुरत नाही. अशा वेळी तिथले पाणी थांबवून दुसरी सोय करणे एवढाच मार्ग असतो, आणि तसे करायचे तर कोणीतरी तलावावर जाऊन पाहून यायला हवे.

एचटूएस कुपीवरही मी सर्वस्वी विसंबायला सांगणार नाही. तिच्यातून चुकीचा निकाल दोन्ही बाजूंनी येऊ शकतो. कुपी स्वच्छ राहिली म्हणजे पाणी निर्धोक असे सिद्ध होत नाही. तिचा उपयोग चाळणीसारखा आहे. जिथे ती काळी पडेल तिथला नमुना नीट घेऊन तातडीने प्रयोगशाळेत जावा, आणि प्रयोगशाळेवरचा भार योग्य जागी पडावा, एवढेच तिचे काम. पण तेवढे काम ती फार स्वस्तात आणि फार लवकर करते.

आता मुख्य अडचणीकडे येते. पाणी पुरवणारी पंचायत, टीसीएल टाकणारी पंचायत आणि नमुना पाठवणारीही पंचायतच, अशी रचना असल्यामुळे निकाल वाईट येण्याची सगळ्यांनाच धास्ती असते. लाल कार्ड मिळाले की गावाचे नाव यादीत येते, वरून विचारणा होते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले तर चंदेरी कार्ड मिळते. कार्डांची ही पद्धत चांगल्या हेतूने आणलेली आहे आणि तिच्यामुळे अनेक गावांतली विहिरीभोवतीची घाण हटली, हे मी पाहिले आहे. पण तिची दुसरी बाजू अशी की, स्वच्छ दिसणाऱ्या दिवशी, स्वच्छ दिसणाऱ्या जागचा नमुना घेण्याकडे कल वाढतो. आमच्या कुप्या काळ्या निघाल्यावर मला पहिला निरोप आला तो “बाई, हे बाहेर सांगू नका” असाच होता. निरोप देणारी माणसे वाईट नव्हती. त्यांचीही मुले तेच पाणी पितात. दूषित निकाल कळवणाऱ्या गावाला ठपक्याऐवजी आठ दिवसांत सांधा बदलून मिळतो, पावडरीचे ताजे पोते मिळते, असा अनुभव आला तर निकाल दडवण्याची गरजच उरणार नाही.

माझी मागणी मोठ्या खर्चाची नाही. पावसाळ्यापूर्वीचा जो जिवाणू तपासणीचा नमुना घ्यायचा असतो त्यासोबत पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात दुसरा, आणि तलाव तळाला गेल्यावर तिसरा नमुना लहान तलावांवरच्या योजनांसाठी सक्तीचा करावा. प्रत्येक वेळी विहिरीबरोबरच टाकीचे, शेवटच्या टोकाच्या नळाचे आणि निदान चार-पाच घरांतल्या साठवणीचे पाणी तपासले जावे. नमुना घ्यायला निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाचा डबा प्रयोगशाळेनेच ठरलेल्या दिवशी पाठवावा. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसी ज्या तऱ्हेने थंड राखून पोहोचवल्या जातात, त्या व्यवस्थेचा आधार यासाठी घेता येईल. तपासणी संच कपाटात न ठेवता प्रशिक्षित महिलांच्या हाती द्यावा, त्यांना दर फेरीचे ठरावीक मानधन मिळावे आणि त्यांचा निकाल पंचायतीमार्फत न जाता थेट आरोग्य केंद्राकडे जावा. आशाताईंवर आधीच किती कामे आहेत हे मी जवळून पाहते. हे आणखी एक काम फुकट त्यांच्या गळ्यात पडू नये.

आणि निकाल लोकांना कळावा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा भरतात. प्रत्येक सभेत मागच्या तपासणीचा निकाल साध्या मराठीत वाचून दाखवावा. नमुना कोणत्या तारखेचा, कोणत्या जागेचा, काय आढळले आणि त्यावर काय केले. आमच्या अहवालावर ‘थर्मोटॉलरंट कोलिफॉर्म’ असा शब्द आणि त्यापुढे एक आकडा होता. मी तो वाचू शकले. माझ्या शेजारच्या काकूंना त्यातून काय कळणार? ‘या पाण्यात विष्ठेतले जिवाणू आढळले, पुढची सूचना मिळेपर्यंत उकळून प्या’ असे मोठ्या अक्षरांत लिहून ते टाकीवर आणि किराणा दुकानाबाहेर लावले तर सगळ्यांना कळेल.

काही जण म्हणतात की लोक आता जारचे पाणी विकत घेतात, तेव्हा याची फार चिंता करण्याचे कारण नाही. आमच्या गावात वीस लिटरचा जार घेणारी घरे आहेत, पण ती वरच्या आळीत आहेत. खालच्या वस्तीत मजुरीवर जगणारी माणसे राहतात आणि गटारातली पाईपलाईनही तिकडेच जाते. शिवाय जारमध्ये भरलेले ते पाणी कोणी, कधी तपासले, हे जारच्या झाकणावर लिहिलेले नसते. पाण्याला टीसीएलचा वास येतो म्हणून नाक मुरडून बिनवासाचे पाणी विकत घेणाऱ्या माझ्या नातेवाइकांना मी नेहमी सांगते की तो हलका वास ही पाणी राखले जात असल्याची खूण आहे.

आमच्या गावात एवढे मात्र झाले आहे. सायकलच्या ट्यूबने बांधलेला सांधा ऑगस्टमध्ये बदलला गेला, पावडर आता झाकणाच्या पिंपात, लाकडी फळीवर ठेवली जाते, आणि खालच्या वस्तीच्या शेवटच्या नळावर आमच्यापैकी एक जण पाणी सुटेल त्या दिवशी क्लोरीन तपासून वहीत रंग लिहून ठेवते. पाईपलाईन गटारातून बाहेर काढण्याचा ठराव मंजूर आहे, काम व्हायचे आहे. यंदा पहिला मोठा पाऊस पडला की तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच अठरा जागी कुप्या लावणार आहोत. आपल्या दैनिकाचा प्रतिनिधी त्या सकाळी कागद उलगडताना हजर राहू शकला तर आम्हांला आनंद होईल. ते शक्य नसल्यास अठरा जागांचा निकाल, जसा येईल तसा, मी आपल्याला लिहून पाठवीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
जि. सातारा